व्यवस्थापकाचं दार

दार बसवणं हे काम लांबून दिसतं तितकं सोपं नाही. चौकट लागते, बिजागऱ्या लागतात, कडी लागते. शिवाय दाराच्या अलीकडं कोण बसणार आणि पलीकडं कोण, हेही आधी ठरवावं लागतं. मी बाकी सगळ्याचा कसून विचार केला होता, हे शेवटचं तेवढं राहून गेलं.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा सातमाळा मेंढपाळ व लोकर विणकर सहकारी संस्थेचा व्यवस्थापक होतो. नाव एवढं लांब असलं तरी सगळी संस्था औरंगाबादेत उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत मावत असे. पुढची खोली मोठी, तिच्यात लोकरीची पोती आणि घोंगड्यांच्या थप्प्या. मागची लहान, तिच्यात मी. मधल्या भिंतीत दाराएवढं भगदाड होतं. दार मात्र नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी संचालक मंडळ बसणार आणि सेलूकरांना कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरवणार, असं माझ्या नेमणुकीच्या कागदावर जरा बऱ्या भाषेत लिहिलेलं होतं. आधीची ऑइल मिल माझ्या डोळ्यांदेखत बंद पडली होती. सत्तेचाळीस वर्षांच्या हेडक्लार्कला बाजारात कोण विचारतो? जालन्याचे माझे मेहुणे तर भेटले की पहिलं हेच विचारत, "काय दाजी, झालात का कायम?" हा प्रश्न ते नेहमी माझ्या तोंडात घास असताना विचारत.

तर सांगायचं म्हणजे, कायम होणं मला फार गरजेचं होतं.

आमचं संचालक मंडळ सात जणांचं. अध्यक्ष फकिराबाबा, सत्तरी ओलांडलेले, आयुष्य मेंढरांमागं डोंगर चढण्यात गेलेलं. उपाध्यक्ष रामकिसन, सिल्लोडकडचे शेतीवाले. एका कारखान्यात नोकरीलाही होते, त्यामुळं त्यांना कायदा कळतो असा सगळ्यांचा समज होता आणि त्यांचाही होता. सारजाबाई विणकरांच्या बाजूनं निवडून आलेल्या. कडूबा मेंढपाळांच्या बाजूनं. उरलेले तिघं हे चौघं म्हणतील त्याला हो म्हणत, म्हणून त्यांची नावं सांगत नाही.

ही माणसं माझ्या खोलीत कधीही येत. फकिराबाबा आले की काठी माझ्या टेबलाला टेकवत, ती दर पाच मिनिटांनी पडे, आणि ती उचलण्याचं काम व्यवस्थापकाकडं होतं. कडूबाच्या कमरेत उसण भरलेली असे म्हणून तो माझ्या खुर्चीत बसे; मी स्टुलावर. सारजाबाई लोकरीचे नमुने माझ्या फायलींवर पसरत आणि वेळ उरला की माझा डबा उघडून बघत.

"मीठ कमी हाये आज. भांडलात का घरी?"

आणि बैठक? बैठकीची नोटीस मी अकराची काढत असे. मंडळी साडेनवालाच येऊन माझ्या खोलीत सतरंजी टाकून बसत. लोकर कुठून घ्यायची, कुणाचा माग बंद पडलाय, कुणाच्या घोंगड्या आखूड भरल्या, सगळं तिथंच निघे. मधूनच फकिराबाबा माझ्याकडं वळत. "कारभारी, तुमाला कसं वाटतं?" मला वाटे ते मी सांगे. मग चहा. अकरा वाजता बैठक सुरू होई तेव्हा ठरवायला काही उरलेलंच नसे. मी एकटाच पुढच्या खोलीत जाऊन "विषय क्रमांक एक" असं मोठ्यानं वाचून परत येई.

हे 'कारभारी' प्रकरणही मला झोंबत होतं. पहिले दोन दिवस साहेब म्हणाले, तिसऱ्या दिवसापासून कारभारी. आमच्याकडं खेड्यातल्या बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. आमच्या कुमुदनं ते लग्नाच्या बावीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नव्हतं.

अशात डिसेंबरमध्ये सहकारी संस्थांच्या व्यवस्थापकांसाठी पुण्याला तीन दिवसांचं शिबिर निघालं. विषय होता 'मुख्य अधिकारी आणि संचालक मंडळ : परिणामकारक संबंधांची उभारणी'. शिकवणारे गृहस्थ टाय घालून आले होते. त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं 'धोरण', दुसऱ्यात 'अंमल'. आणि मधे खडू दाबून एक उभी रेघ मारली. म्हणाले, "ही रेघ जिथं पुसट, तिथं संबंध बिघडले म्हणून समजा."

माझ्या डोळ्यांसमोर कडूबा माझ्या खुर्चीत बसलेला उभा राहिला. रेघ पुसट कसली, आमच्याकडं फळाच नव्हता. तीन दिवस मी सगळं वहीत उतरवलं आणि परतीच्या एसटीत नगरच्या आसपास माझा निश्चय झाला. मंडळाशी संबंध सुधारायचे. त्यासाठी रेघ हवी. आणि ती रेघ सागवानी असावी, कडीसकट.

घरी कुमुदला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तशीच म्हणाली, "आपल्या न्हाणीला दोन वर्षं कडी नाही. आतून गाणं म्हणत अंघोळ करावी लागते सगळ्यांना. आणि तुम्ही ऑफिसात दार बसवताय?"

"न्हाणीचा प्रश्न वेगळा. हा व्यवस्थापनशास्त्राचा प्रश्न आहे."

"मग गाणं म्हणत काम करा," ती म्हणाली.

दारासाठी खर्चाची मंजुरी मला माझ्या अधिकारात देता येत होती, म्हणून मंडळाला विचारण्याचा प्रश्न नव्हता. तसं वहीतही होतं: अंमल अधिकाऱ्याचा. पहिला अडथळा आला तो वरच्या मजल्यावरून. आमचे घरमालक आप्पासाहेब भूमापन खात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं. जिन्यावरून खाली येऊन त्यांनी भगदाड वरून खालून बघितलं.

"चौकट बसवायची म्हणजे भिंत छिलणार तुम्ही."

"दोन बोटं फक्त."

"दोन बोटं असो का दोन हात. फेरफार तो फेरफार. परवानगी काढा, सेलूकर. उद्या कुणी अर्ज केला तर मी तुमच्यासाठी जेलात जाऊ का?"

भिंत मागच्या खोलीची, तिला बाहेरून कुणी बघणार नाही, अर्ज कोण करणार, असं मी म्हणालो. आप्पासाहेब म्हणाले, "मी करीन ना. नियम म्हणजे नियम."

परवानगी देणारी एक कचेरी होती. तिचं नाव घेत नाही, मला याच शहरात राहायचंय. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि इमारतीचा मूळ नकाशा मागितला. नकाशा आप्पासाहेबांच्या ट्रंकेत निघाला. पोलीस ॲक्शनच्याही आधीचा, निजामाच्या अमदानीतला, पिवळा पडलेला आणि सगळा उर्दूत. कारकून म्हणाला, मराठीत करून आणा. आप्पासाहेब म्हणाले, मला फक्त नकाशा कळतो, अक्षरं कळत नाहीत. चार दिवस मी तो कागद काखेत मारून हिंडलो आणि शेवटी वाचून दिला तो आमच्या सुतारानं. जब्बारभाईंनी. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, कागद लांब धरला.

"साब, ये सामने का कमरा दालान लिखेला है."

"आणि मागचा? माझा?"

जब्बारभाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. त्यांचा स्वभाव फार मऊ.

"पीछे का... अब पुराना कागज है साब, दिल पे मत लो. तबेला लिखेला है."

मी ते दिलावर घेतलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण काम पुढं सरकलं पाहिजे म्हणून तसंच्या तसं मराठीत करून दिलं. पंधरा दिवसांनी शिक्क्यासह कागद आला: 'सदरहू तबेल्यास दार बसविण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' तो कागद मी फायलीत सगळ्यात तळाशी लावला. दुसऱ्याच दिवशी सारजाबाईंनी लोकरीचे नमुने ठेवायला फाईल उचलली आणि नेमकं तेच पान फडफडत खाली पडलं. सुदैवानं त्यांना वाचता येत नव्हतं. दुर्दैवानं शेजारी बसलेल्या रामकिसनना येत होतं. त्या दिवशी ते जाताना मला म्हणाले, "चारा-पाणी सांभाळून राहा, कारभारी."

जब्बारभाई माप घेत होते त्या दिवशीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. फकिराबाबा आले. जब्बारभाईंच्या हातातली पट्टी, भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा बघत काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

"हे काय चाललंय, कारभारी?"

"दार बसवतोय, बाबा. आता मी आत बसणार, तुम्ही मंडळी बाहेर बसायचं."

"म्हंजी आमच्यात बसणार नाय तुमी?"

"नाही. आता वेगळंच बसायचं."

"पक्कं ठरलं का?"

"अगदी पक्कं."

फकिराबाबांनी भिंतीवरच्या खुणांवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बरं. माणसाच्या मनाला कोन बांधून ठिवतं?" चहा आलेला होता, तो अर्धाच पिऊन उठले. त्या दिवशी काठी माझ्या टेबलाला टेकवलीसुद्धा नाही. मला वाटलं, रेघेचा पहिला गुण आला.

दार बसलं. लाकूड सागवानी, कडी पितळी. फक्त एक झालं, ते बंद छान होई पण आतून उघडत नसे. मी दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं.

"जब्बारभाई, चौकट वाकडी बसली."

"चौकट एकदम सीधी है साब. दीवार टेढी है. निजाम के टाइम की दीवार, उसको अब कौन बोलेगा?" त्यांनी बाहेरून दाराच्या खालच्या कोपऱ्यात एक लाथ घातली, दार लगेच उघडलं. "देखो, बाहर से एक लात, बस. बहुत आसान है."

म्हणजे व्यवस्थापकाला बाहेर यायचं तर बाहेरच्या कुणीतरी लाथ घालायची, अशी व्यवस्था झाली. दारावर मी पाटी ठोकून घेतली. 'द. वि. सेलूकर, मुख्य कार्यकारी अधिकारी. विचारल्याशिवाय आत येऊ नये.' व्यवस्थापकाचा मुख्य कार्यकारी अधिकारी मी रंगाऱ्याच्या दुकानातच झालो. आत येण्याबद्दल पाटीत लिहिलं होतं. बाहेर जाण्याची अडचण पाटीत लिहिण्यासारखी नव्हती.

पण संबंध सुधारले हो! मी अक्षरशः थक्क झालो. कडूबा माझ्या खुर्चीच्या वाटेला जाईना. सारजाबाई दारावर बोटानं टकटक करून, आत न येता, उंबऱ्यातूनच बोलू लागल्या. डबा रोज मीच एकटा खात होतो, आणि कबूल करायला हरकत नाही, भाजीत मीठ खरोखरच कमी असे, पण ते सांगायला आता कुणी नव्हतं. बैठका पुढच्या खोलीत अकराच्या ठोक्याला होऊ लागल्या. मी विषय वाचायचा, ते माना डोलवायचे. "तुमाला कसं वाटतं?" असं कुणी विचारत नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, सगळे मला साहेब म्हणू लागले होते.

पुण्याच्या टायवाल्यांना मी आभाराचं पत्र टाकलं.

फेब्रुवारीत एका वसतिगृहाकडून मोठी मागणी आली. दोनशे घोंगड्या, सगळ्या काळ्याभोर, महिनाभरात. अंमल माझा होता. मी आतल्या आत होकाराचं पत्र लिहिलं, पुढच्या खोलीतल्या शिपायाला हाक मारली, त्यानं लाथ घातली, पत्र टपालात गेलं. आठवड्यानं रामकिसनना सहज सांगितलं.

"साहेब, काळी लोकर संपली. मेंढरं डोंगराकडं गेलीत, कातरणी आता थेट उन्हाळ्यात."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुमी इचारलं नाय," रामकिसन म्हणाले. पण रागावून नाही. इतकं मऊ बोलले की मला वाटलं, अध्यक्षांना सांगून मला झापायला लावतील. तसंही झालं नाही. सारजाबाई आठ दिवस गावोगाव हिंडल्या, विणकरांच्या घरात जपून ठेवलेल्या घोंगड्या, लेकीच्या लग्नासाठी विणलेल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या, सगळ्या गोळा केल्या आणि दोनशेचा आकडा भरला. पूर्वी असं काही झालं असतं तर मला तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. आता फकिराबाबा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जाऊ द्या."

मी घरी येऊन कुमुदला म्हणालो, "याला म्हणतात परिणामकारक संबंध. चूक माझी, आणि एक शब्द नाही!"

कुमुद म्हणाली, "मला तर भीती वाटते. भांडणाऱ्या माणसांनी भांडण सोडलं की मला भीतीच वाटते." तिला व्यवस्थापनशास्त्र कळत नाही म्हणून मी विषय वाढवला नाही.

मार्चच्या सुरुवातीला रामकिसननी पुंजाराम नावाचा त्यांचा पुतण्या आणून उभा केला. बी.कॉम., तिशीचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. "याला जरा कामकाज दाखवा." मी मनात म्हणालो, बघा, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला मदतनीस आला. पंधरा दिवस मी त्याला सगळं शिकवलं. फायली, मापं, पत्रांचे नमुने, वसतिगृहवाले कसे बोलतात, कुठला विणकर घोंगडी आखूड विणतो. दोन चौकोन आणि रेघसुद्धा काढून दाखवली. पोरगं मोठं गुणी. सगळं उतरवून घ्यायचं आणि शेवटी विचारायचं, "साहेब, ही खुर्ची आपल्याबरोबर नेणार का संस्थेची आहे?" मी म्हणे, संस्थेची आहे, पण चौकस आहेस, चांगली गोष्ट आहे.

मग एक दिवस फकिराबाबांनी दारापाशी उभं राहून विचारलं, "मंग, कुठं जाणार तुमी?"

मार्च होता, मुलांच्या परीक्षा संपल्या की आम्ही दरवर्षी सासुरवाडीला जात असू. म्हणालो, "जालन्याला."

"बरं हाये का तिकडं?"

"उत्तम! मान आहे आपल्याला तिथं. खाण्यापिण्याची चंगळ." हे अर्थात मेहुण्यांचा प्रश्न वगळून.

"कवा निघणार?"

"एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात."

बाबांनी मान हलवली. "जिथं जाताल तिथं सुखानं ऱ्हा," असं म्हणून डोळे पुसले. म्हातारपणी डोळ्यांना पाणी येतंच, असं माझं मत पडलं.

शेवटचा रविवार उजाडला. कुमुदनं नवा बुशशर्ट काढून दिला, पेढ्यांचा पुडा हातात दिला आणि देवाला नमस्कार करायला लावला. मी दहालाच माझ्या खोलीत जाऊन बसलो. दार लावून घेतलं. माझ्याच विषयावर चर्चा असल्यामुळं मी बाहेर नसणंच शिस्तीचं, हेही वहीत होतं. बाहेरून आवाज येत होते. बांगड्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "नारळ सोललेला नको, शेंडीवाला घ्या." सत्कार दिसतोय, मी मनात म्हणालो. कायम तर केलंच, वर सत्कार.

"सेलूकर साहेबांना बोलवा," रामकिसनचा आवाज आला.

मी उठलो. शर्ट खाली ओढला. पुडा काखेत घेतला. दार ओढलं. अर्थातच उघडलं नाही.

"लाथ," मी आतून म्हणालो. जितक्या प्रतिष्ठेनं म्हणता येईल तितक्या प्रतिष्ठेनं.

कडूबानं लाथ घातली. आजवरच्या सगळ्यांत जोरात. दार उघडलं, आणि मी दोन पावलं मागं जाऊन, पुढं येऊन, पेढ्यांसकट मंडळासमोर उभा राहिलो.

सातही जण उभे होते. सतरंजी अंथरलेली होती. सारजाबाईंनी मला कुंकू लावलं, माझ्या हातात शेंडीवाला नारळ ठेवला आणि खांद्यावर एक घोंगडी टाकली. काळी, बारीक विणीची, मऊ. दोनशेतली नव्हती; त्यांनी स्वतः विणलेली होती.

"वरीसभर खाल्लं-प्यालं सोबत," त्या म्हणाल्या. "काय बोललं-चाललं आसंल, माफ करा. तुमच्या घरच्या भाजीला मी नावं ठिवली. पन लई गोड होती हो."

"अहो, माफी कसली?"

"पुंजाराम उद्यापासनं बसंल तुमच्या जाग्यावर," रामकिसन म्हणाले. "तुमी शिकवून ठिवलं, लई उपकार झाले."

मी पुंजारामकडं बघितलं. तो खुर्चीकडं बघत होता.

सगळं समजायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. नारळ हातात, घोंगडी खांद्यावर, पेढे काखेत, अशा अवस्थेत मी एवढंच म्हणालो, "मला काढून टाकलं?"

"काढलं?" फकिराबाबा चमकले. "आमी कशाला काढू? तुमीच चालला ना?"

"मी कुठं चाललो?"

"जालन्याला."

"ते तर मेहुण्याकडं! आठ दिवस!"

मग फकिराबाबा खाली बसले, आणि बाबा बसले म्हणून सगळे बसले. मीही बसलो. काठी त्यांनी मांडीवर आडवी घेतली.

"कारभारी, ऐका. आमच्या वाड्याची रीत सांगतो. वाडा म्हंजी आमचं दहाबारा घरांचं बिऱ्हाड, मेंढरांमागं फिरणारं. त्यात एक कारभारी आसतो. पुढं जाऊन शिवार बघून येतो, शेतवाल्याशी बोलतो, मेंढरं कुठं बसवायची ते सांगतो. मंग सगळे मिळून ठरवतो. पन तो बसतो कुठं? सगळ्यांच्या मधी. त्याच्या घोंगड्यापाशीच बैठक. आन् त्याला जायाचं आसंल ना, तर तोंडानं बोलवत नाय त्याला. रातीला आपलं घोंगडं उचलतो, दुसऱ्या चुलीपाशी नेऊन टाकतो. येगळं बसतो. मंग आमी समजतो. काऊन चालला, कुठं चालला, आसं खोदून इचारत नाय. चुकलं काही त्याचं तरी बोलत नाय. जाणाऱ्याला काय बोलायचं? नारळ देतो, घोंगडी देतो, शिवंपात्तुर घालवतो."

त्यांनी दाराकडं हनुवटी केली. "तुमी तर भिंतीआड गेला. वर दार लावलं. म्या पक्कं ठरलं का म्हनून इचारलं, तुमी व्हय म्हनला."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडत गेली. अर्धा चहा, उंबऱ्यातून बोलणाऱ्या सारजाबाई, साहेब म्हणणं, पुंजारामचं खुर्चीबद्दल विचारणं. तीन महिने मला जो मान वाटत होता तो निरोप होता.

"बाबा," मी म्हणालो, "अहो, मी ते दार तुमच्याशी संबंध सुधारायला बसवलं होतं!"

पहिल्यांदा सारजाबाई हसल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू आवरेना. "दार लावून?" त्या म्हणाल्या. मग कडूबा हसला, कमरेला हात लावून "आई गं" करत हसला. नाव न सांगितलेले तिघंही हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी आपल्या मधोमध बसवून घेतलं होतं, आणि मी तिथून उठून तबेल्यात जाऊन बसलो होतो.

"आणि बाबा," मी नाक पुसत विचारलं, "गेलेल्याला परत यायचं असेल तर काय रीत आहे?"

"सोपी हाये. घोंगडं उचलायचं, आपल्या पैल्या जाग्यावर आणून टाकायचं. बोलायचं काय नाय."

मी उठलो. खांद्यावरची घोंगडी काढली. मागच्या खोलीत गेलो, टेबल एका बाजूला सरकवलं आणि जिथं पूर्वी मंडळी साडेनवाला येऊन बसत त्या जागी ती अंथरली. वर बसलो. दार सताड उघडं होतं. थोडा वेळ कुणीच आलं नाही. मग काठीचा आवाज आला. फकिराबाबा आत आले, काठी माझ्या टेबलाला टेकवली आणि शेजारी बसले. मागून बाकीचे आले. कडूबा थेट माझ्या खुर्चीत बसला. काठी पडली. मी उचलली.

रामकिसननी कायदा काढला. "ठराव करावा लागंल. दोन ठराव. एक कायम करायचा, एक दाराचा."

"एकच करा," सारजाबाई म्हणाल्या. "येगयेगळं केलं तर हे एक पाळतील, एक नाय."

म्हणून इतिवृत्तात आजही असं आहे: 'व्यवस्थापक श्री. सेलूकर यांना कायम करण्यात येत आहे व त्यांचे दार काढण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.' पुंजारामला सिल्लोडच्या लोकर खरेदीवर नेमलं. जाताना त्यानं विचारलं, तिथं खुर्ची आहे का.

दुसऱ्या दिवशी जब्बारभाई आले. दार काढताना त्यांना फार वाईट वाटलं, चौकट खरंच सरळ होती म्हणाले. कडी मी घरी आणली आणि न्हाणीला बसवली. कुमुदनं ती दोन-तीनदा लावून उघडून बघितली आणि आत जायच्या आधी म्हणाली, "बरं झालं शिबिराला गेलात, कारभारी." पहिल्यांदाच म्हणाली.

दाराखाली विटा लावून आम्ही पुढच्या खोलीत बाक केला. पाटी जब्बारभाईंनी इतक्या लांब खिळ्यांनी ठोकली होती की निघेना, म्हणून ती तशीच राहिली. फकिराबाबा सकाळी येत, आधी 'मुख्य कार्यकारी अधिकारी'वर निवांत बसून तंबाखू मळत, आणि मग न विचारता आत येत.